अनुभव धागा: ऑफिसात बसून पैलवान लढवणारे, या इकडे

धागाकर्ता, गंगापूर रोड

मंडळी, क्रिकेट-फुटबॉलच्या मॅनेजर गेमवर सगळे तासन्‌तास बोलतात, कुस्तीवाल्यांना (डब्ल्यूडब्ल्यूईसारखी, निकाल आधी ठरलेली शोवाली कुस्ती) कोणी विचारत नाही, म्हणून हा धागा. रिंगमध्ये उतरून बटणं बडवायचे गेम नकोत. कोण कोणाशी लढणार, कोण जिंकणार, कोणाला किती पगार, या आठवड्यात आराम कोणाला, हे ठरवायचे गेम हवेत. पीसी, पीएस टू, मोबाइल, वहीपेन, काहीही चालेल. नाशिककरांना आग्रहाचं आमंत्रण, बाकीच्यांना बंदी नाही.

माझ्यापासून सुरू करतो. मी टोटल एक्स्ट्रीम रेसलिंगवाला, म्हणजे टीईडब्ल्यू. अॅडम रायलंड नावाच्या ब्रिटिश माणसाचा गेम. त्याचाच आधीचा एक्स्ट्रीम वॉरफेअर रिव्हेंज 2002 ला आला, तो फुकट होता, तिथून जी सवय लागली ती गेलीच नाही. यात काही हलत नाही, नुसता मजकूर. मॅच झाली की दोनचार ओळी आणि शंभरपैकी मार्क. बायको म्हणते एक्सेल बघून माणूस एवढा कसा काय ओरडतो.

खरी डोकेदुखी पैसा नाही हो, म्हातारा स्टार. माझ्याकडे एक आहे, गुडघे गेले, दम राहिला नाही, पण पब्लिक त्याच्याच नावावर येतं आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये क्रिएटिव्ह कंट्रोल, म्हणजे हर म्हटलं की साहेब सरळ नाही म्हणणार. दुसरीकडे एक पोरगा, कामात एक नंबर, पण त्याला ओळखतंय कोण. पोराला थेट जिंकवायला गेलो असतो तर म्हाताऱ्याने नकार दिला असता आणि बॅकस्टेजची हवा बिघडली असती ती वेगळीच. मग दोघांची टॅग टीम, म्हणजे एका बाजूने लढणारी जोडी केली. म्हाताऱ्यासोबत जिंकून जिंकून पोराची पॉप्युलॅरिटी चढली, मग दोघांत भांडण लावलं, पहिली मॅच तिसऱ्याला घुसवून मोडली म्हणजे हरलं कोणीच नाही, आणि म्हाताऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं तेव्हा जाता जाता तो पोरासमोर पडला एकदाचा. गेममधलं जवळजवळ वर्ष गेलं यात. त्या मॅचला मार्क काही खास नव्हते पण पोरगा आता कार्डाच्या, म्हणजे शोमधल्या मॅचच्या यादीच्या टोकाला आहे.

तुमचं लिहा.

निफाड साइड

दादा धागा भारी काढला. द्राक्षाच्या सीझनमध्ये लॅपटॉप उघडायला पण फुरसत नसते, आता छाटणीच्या आधी थोडा वेळ आहे म्हणून लिहितो.

आमचे मोठे काका गावच्या यात्रा कमिटीत असायचे. कुस्त्यांची जोड लावायचं काम त्यांच्याकडे. आधी बारक्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग इनाम हळूहळू चढत जाणार आणि मानाची कुस्ती शेवटी, हलगी तेव्हा जी वाजते ती तशी दिवसभर वाजलेली नसते. पैलवान फडात हात वर करून फिरायचे, काका दोघांना शेजारी शेजारी उभं करायचे, दंड बघायचे, मान बघायची, आणि सगळ्यात आधी कान. कान मोडलेला असला की पोरगा मुरलेला, त्याला नवख्यासमोर सोडायचं नाही. जोड चुकली तर लोक कमिटीच्या नावाने शंख करणार, आणि दोघं नुसतेच एकमेकांना धरून उभे राहिले की 'नुरा कुस्ती, नुरा कुस्ती', म्हणजे आधीच ठरवलेली, असा ओरडा सुरू.

मी डब्ल्यूडब्ल्यूई टू के ट्वेंटी टू मध्ये मायजीएम, म्हणजे त्यातला मॅनेजर व्हायचा मोड, खेळलो तेव्हा काकांचं सगळं आठवलं, फक्त गेममध्ये अर्धं उलटं आहे. तिथं सारख्याला सारखा लावायचा नाही. फाइटरसमोर दांडगा ब्रूझर, आडदांड जायंटसमोर बारका चपळ क्रूझर, फेस म्हणजे सज्जनासमोर हील म्हणजे व्हिलन, अशी विजोड जोडी लावली की मॅचला स्टार जास्त. आमच्या गावात जायंटसमोर क्रूझर सोडला असता तर काकांना यात्रेतून घरी जाता आलं नसतं. पण कार्ड लावायची रीत तीच, सगळ्यात चांगली जोड शेवटी ठेवायची. आणि मोठ्या शोच्या आधी दोन आठवडे हिरोला मॅच द्यायची नाही, नुसता माईक देऊन प्रोमो. स्टॅमिना भरतो, नाव पण तापतं राहतं. दर आठवड्याला तोच तोच घासला की दुखापत ठरलेली.

सिडको पाचवी स्कीम

त्या टू के ट्वेंटी टू च्या मायजीएममध्ये ट्रिपल थ्रेट म्हणजे तिघांची मॅच नाही, मुख्य चॅम्पियनच्या खालचा दुय्यम बेल्ट नाही, घंटा मजा आली. पुढच्या वर्षीच्या गेममध्ये ते सगळं दिलं आणि चार जणांना एकत्र खेळता यायला लागलं. एवढंच बोलतो.

पीएस टू जिंदाबाद

भो तुम्ही सगळे लहान आहात. जनरल मॅनेजरचा म्हणजे जीएम मोड तो स्मॅकडाउन व्हर्सेस रॉ 2006 चा, तोच ज्याच्या कव्हरवर सीना आणि बटिस्टा. कॉलेज रोडच्या बाजूला एका गल्लीत पार्लर होतं, चार टीव्ही, दोन कंट्रोलरचे अॅनालॉग तुटलेले, ताशी पैसे. बाकी पोरं एकमेकांना टेबलावर आपटत बसायची आणि आम्ही दोघं मित्र, तो रॉ मी स्मॅकडाउन, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईचे दोन शो, मॅच न खेळता नुसत्या सिम्युलेट करत पुढं जायचो. पार्लरवाले काका यायचे, स्क्रीनकडे बघायचे आणि म्हणायचे, 'अरे गेम हँग झाला का?' सीझनचं टोक म्हणजे सगळ्यात मोठा शो रेसलमेनिया आणि मग जनरल मॅनेजर ऑफ द इयर कोण. मेमरी कार्ड आमचं स्वतःचं होतं, खिशात घेऊन फिरायचो, कारण पार्लरच्या कार्डावर ठेवलं की कोणीतरी त्यावर क्रिकेटची टूर्नामेंट सेव्ह करून टाकणार. थकवा तेव्हा पण होता बरं का, हे काही टू केवाल्यांनी शोधलेलं नाही.

नाशिकरोडची ताई

मी नवऱ्याबरोबर मायजीएम खेळते, एकाच सोफ्यावर, दोघांचे ब्रँड वेगळे. ड्राफ्टमध्ये, म्हणजे सुरुवातीला पैलवान निवडताना, तो नेहमी मोठमोठे बाप्ये उचलतो आणि पैसे संपवून बसतो. मी पहिल्या फेऱ्यांतच चांगल्या बायका घेऊन टाकते. साधं गणित आहे, त्यांची यादी छोटी, चांगल्या गेल्या की गेल्या, आणि विमेन्स बेल्टला तुमच्याकडे दोन तगड्या बायका असल्या की भांडण आठवडेच्या आठवडे रंगतं. याच्याकडे मग विमेन्स चॅम्पियन अशी असते जिच्यासमोर उभं करायला कोणी नाही, आणि फ्री एजंटमधून, म्हणजे कोणाशी कॉन्ट्रॅक्ट नसलेल्यांतून, घ्यायला तिजोरीत खडखडाट.

आमच्या लहानपणी टीव्हीवर बायकांची मॅच म्हणजे जेवायला उठायची वेळ. 2016 च्या रेसलमेनियाला तो डिवाज नावाचा बायकांचा बेल्ट बंद केला आणि 2019 ला शेवटची मॅच पहिल्यांदा बायकांची झाली, बेकी, राँडा, शार्लट. मी माझ्या सीझनला मेन इव्हेंट बायकांचाच ठेवते. नवरा म्हणतो हट्ट आहे. असू दे, ट्रॉफी माझ्याकडे आहे.

अंबड फर्स्ट शिफ्ट

माझ्याकडे पीसी नाही, कन्सोल नाही, मोबाइलवर एमडिकी नावाच्या गेमवाल्याचा रेसलिंग रिव्होल्यूशन थ्रीडी. ग्राफिक्स बघून हसू नका. त्यात बुकिंग करिअर आहे, तुम्ही ऑफिसात बसता, पैलवान येऊन डोकं खातात, पगारावरून घासाघीस चालते. नावं खोटी असतात, पण प्रो व्हर्जन घेतलं की सगळं बदलता येतं. मी अख्खा रोस्टर, म्हणजे पैलवानांची यादी, आमच्या लाइनवरच्या पोरांचा केला. कँटीनवाल्याला चॅम्पियन केलं, त्यामुळे पोह्यावर शेव जास्त पडायची. एकाला सारखा हरवत होतो तर तो खराखुरा रुसला, दोन दिवस बसमध्ये शेजारी बसला नाही. शेवटी त्याला मास्क घालून नवीन नावाने आणला आणि जिंकवला, तेव्हा सुटलं प्रकरण.

ट्रम्प कार्डवाला, पंचवटी

धाग्यात वहीपेन चालेल असं लिहिलंय म्हणून. आमच्याकडे कॉम्प्युटर नव्हता, डब्ल्यूडब्ल्यूईचे ट्रम्प कार्ड होते, रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्सवाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही वाड्यातल्या पोरांनी कार्डांचा लिलाव केला, पैसे म्हणजे व्यापारच्या डब्यातल्या नोटा. प्रत्येकाची टीम. मग लांबलचक रजिस्टर, रेघा मारून कॉलम: तारीख, कोण विरुद्ध कोण, फासा, निकाल, जखमी. फासा टाकायचा, त्यात कार्डावरच्या रँकप्रमाणे काहीतरी मिळवायचं, सहा पडला की फिनिशर म्हणजे शेवटचा हुकमी डाव, एक पडला की पैलवान जखमी आणि कार्ड दोन दिवस रजिस्टरच्या मागच्या खिशात बंद. कोणाचा अंडरटेकर आत गेला की तो पोरगा जेवायचा नाही.

आता भाच्याला दाखवलं तर म्हणतो मामा, यात ऑटो सिम कुठंय.

मातीतला

वाचतोय सगळं, मजा येतेय, पण एक टोचतं. निकाल आधीच ठरलेला असेल तर त्यात मॅनेजरचं कौतुक कसलं? 2020 च्या जानेवारीत बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची फायनल, नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके, दोघंही काका पवारांच्याच तालमीतले. हर्षवर्धन 3-2 ने जिंकला आणि हरलेल्या मित्राला खांद्यावर उचलून फिरला. हे तुमच्या कुठल्या गेममध्ये लिहिता येतं सांगा.

धागाकर्ता, गंगापूर रोड

मातीतले दादा, मुद्दा मान्य नाही. ठरलेला निकाल लोकांच्या गळी उतरवणं हेच तर काम आहे. म्हाताऱ्याला पाडायला मला वर्ष लागलं ते उगाच नाही, पहिल्याच आठवड्यात पाडला असता तर गेमने पण मार्क दिले नसते. पण एकाच तालमीतले दोघं, फायनल, आणि खांद्यावर उचलणं, हे मात्र मी ढापणार. माझ्या रोस्टरमध्ये एक जुनी टॅग टीम पडून आहे, त्यांचंच करतो. फक्त दोघांतला हील कोण ते ठरत नाहीये.

मातीतला

कोणालाच हील करू नका.

निफाड साइड

दोघं फेस ठेवले तर मायजीएममध्ये स्टार कमी पडतील दादा, टीईडब्ल्यूचं तुम्ही बघा. आणि ते जुन्या लॅपटॉपवर चालेल का सांगा, माझा चार जीबीवाला आहे.

धागाकर्ता, गंगापूर रोड

विंडोज असेल तर चालतं, नुसता मजकूर आहे, ग्राफिक्स कार्ड लागत नाही. आधी डेमो टाकून बघ. आणि सुरुवातीला छोटी कंपनी घे, मोठीत पहिल्याच दिवशी एवढे पैलवान अंगावर येतात की नावं वाचतानाच छाटणीची वेळ होईल.