मदत हवी आहे: सिकलसेलचं औषध रामटेककडे नियमित कुठे मिळतं?

नमस्कार मंडळी. माझी आत्या रामटेकच्या पुढे, पेंचच्या बाजूला राहते. तिच्या मुलाला सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे. नुसता वाहक नाही, एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजारच. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने चांगला फरक पडलाय, सांधे पहिल्यासारखे दुखत नाहीत. पण जवळच्या आरोग्य केंद्रात कॅप्सूल कधी असते, कधी ‘पुढच्या हप्त्यात या’. मग आत्या मजुरी बुडवून त्याला एसटीने नागपूरला आणते. ओपीडीची चिठ्ठी काढा, रक्त द्या, रिपोर्ट हातात येईस्तोवर परतीची गाडी गेलेली. सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) टाळता येत नाही, या औषधाने पांढऱ्या पेशी उतरू शकतात.

रामटेक, मनसर, पारशिवनीकडे कोणत्या सरकारी दवाखान्यात औषध आणि सीबीसी दोन्ही होतं? महिन्याचा साठा एकदम देतात का?

दुसरं, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे. यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) नागपुरात तपासणी कुठे, कोणत्या वारी, कागद कोणते? नुकतंच कोणी काढलं असेल तर सांगा.

झाडपाल्याचे उपाय कृपया नको, ते सगळे करून झालेत.