जीन तपासणी म्हणजे नसतं शुक्लकाष्ठ?

उत्तररात्र: काल कातळ यांनी इथे लिहिलं, "तरुणांनी जीन तपासणी करणं म्हणजे नसतं शुक्लकाष्ठ मागे लावून घेणं. व्हायचं ते होतंच." वाचल्यापासून डोकं फिरलंय. माझ्या भावाला ३४व्या वर्षी लघवीतून रक्त गेलं. दुखत काहीच नव्हतं. आधी खड्याचं औषध, मग अँटिबायोटिक, यात सात महिने गेले. निघाला मूत्रवाहिनीचा कॅन्सर. किडनीसकट काढावी लागली. हा आजार सहसा सत्तरीच्या आसपासचा, त्यामुळे तरुणाच्या बाबतीत कुणाच्या मनातच येत नाही. आई ४६व्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरने गेली, मावशीला गर्भाशयाचा झाला. घरात लिंच सिंड्रोम, म्हणजे असे कॅन्सर होण्याचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष; आमच्यात एमएसएच२ जीनमधला बिघाड. आईच्या वेळीच कुणी विचारलं असतं तर?

कातळ: भावाचं वाचून वाईट वाटलं, पण मुद्दा सोडणार नाही. लघवी तपासत राहिल्याने मूत्रवाहिनीच्या कॅन्सरमध्ये जीव वाचतो, याला भक्कम पुरावा नाही. लघवीतल्या पेशी तपासूनही बरेच कॅन्सर निसटतात. मग काय, भीती उशाशी घेऊन झोपायचं?

उत्तररात्र: आणि आतड्याचं? लिंचमध्ये नियमित कोलोनोस्कोपीने फायदा होतो, हे सिद्ध झालंय. शिवाय ज्याला माहीत आहे तो रक्त दिसल्यावर सात महिने खडा पडायची वाट बघत नाही.

काजवा: मामाला सगळं माहीत होतं! जीन तपासणीचा रिपोर्ट कपाटात, जुन्या बिलांच्या फाइलमध्ये. "घरात घबराट नको" म्हणून गप्प बसला. मला कळलं ते माझ्या ऑपरेशननंतर.

कातळ: रिपोर्ट त्यांचा. सांगायची सक्ती कशी करणार?

काजवा: सक्तीचं कोण बोलतंय? एक फोन करायचा होता! माझ्या पोटावर टाके आहेत, तुमच्या नाही.

सावली: भांडा, पण सगळे जीन एका मापाने मोजू नका. आमच्याकडे एफएच नावाच्या जीनमधला बिघाड आहे. त्यातला किडनीचा कॅन्सर गाठ लहान असतानाही पसरतो, म्हणून ८ ते १० वर्षांपासून दरवर्षी एमआरआय करायला सांगतात. मुलाला मशीनमध्ये झोपवताना त्याचा पाय धरून उभी असते मी. लिंचची तपासणी मोठं झाल्यावर करता येते, आमची थांबत नाही.

कातळ: एफएचचं माहीत नव्हतं. मूत्रवाहिनीबद्दल माझं म्हणणं कायम आहे. पण भावंडांना सांगायला हवं, एवढं मानतो. फक्त एवढंच.

उत्तररात्र: बहिणीने सोमवारी रक्त दिलंय. २७ वर्षांची आहे. रिपोर्ट यायचाय.