मारुती 800: ब्रेक दाबला की उजवा दिवा मंदावतो

मंडळी, नमस्कार.
कोल्हापुरात बाबांकडे 2006 ची मारुती 800 आहे. ब्रेक दाबला की डावा दिवा लख्ख पेटतो. उजवा मंदावतो आणि त्याच्या शेजारचा इंडिकेटर मिणमिणतो. वायरमनने बल्ब बदलला, फरक नाही. मध्ये फ्यूज उडाला तेव्हा 15 अँपिअरच्या जागी 20 चा बसवलाय. गाडी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओला दाखवायचीय. भाच्याचा हात चांगला चालतो. त्याला काय सांगू?
— राजारामपुरीकर

दादा, डावा नीट पेटतोय म्हणजे पेडलचा स्विच शाबूत आहे, तिकडे वेळ घालवू नका. ही उजव्या दिव्याची अर्थ, म्हणजे दिव्याला बॉडीशी जोडणारी परतीची वायर, गेल्याची खूण आहे. करंटला बॉडीत परतायची वाट मिळत नाही, मग तो इंडिकेटरच्या फिलामेंटमधून आडवाटेने अर्थ शोधतो. म्हणून ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतो. या दुखण्यावर बल्ब कितीही बदला, उपयोग नाही.

आधी खात्री करा. साधारण पाच मीटर वायर घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं उजव्या होल्डरच्या पत्र्याला लावा आणि कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. दिवा लख्ख झाला की निदान पक्कं. मल्टीमीटर असेल तर तीच वायर काळ्या प्रोबला जोडा, लाल प्रोब होल्डरच्या पत्र्यावर टेकवा, मीटर 20 व्होल्ट डीसीवर. टेल लाईट चालू आणि ब्रेक दाबलेला असतानाच वाचायचं. दिवे बंद असताना खराब अर्थसुद्धा शून्यच दाखवते. 0.2 व्होल्टच्या आत असेल तर ठीक. एक-दोन व्होल्ट दिसले तर अर्थ गेलीच.

मग डिकीतून त्या दिव्याची काळी वायर हाताने धरत जा, ती बॉडीला स्क्रूने कसलेली सापडेल. स्क्रू काढा. थिंबलखाली, म्हणजे वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली, तपकिरी भुकटी दिसेल, आपल्याकडच्या पावसात ती होणारच. 400 नंबरच्या पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, थिंबल दोन्ही बाजूंनी घासा, काट्यांचा वॉशर घालून घट्ट कसा आणि वरून व्हॅसलीन लावा. व्हॅसलीन कसल्यानंतर, आधी नाही.
— उद्यमनगरकर

वरचं सगळं बरोबर आहे, पण तो 20 चा फ्यूज आजच काढा. मागचे दोन बल्ब 21 वॅटचे, म्हणजे दोन्ही मिळून साडेतीन अँपिअर. फ्यूज उडाला त्यामागे कारण असणार, आणि मोठा फ्यूज ते कारण झाकतो. मग फ्यूजच्या आधी वायर तापते. 15 चा निळा असतो, 20 चा पिवळा.

शॉर्ट शोधायला फ्यूज काढून त्या दोन फटींत 21 वॅटचा बल्ब जोडा. मागचे ब्रेकचे बल्ब काढून ठेवा. हॉर्न त्याच फ्यूजवर असू शकतो, म्हणून तो वाजवू नका. ब्रेक दाबताच हा बल्ब पूर्ण पेटला तर शॉर्ट स्विचच्या पुढे. पेडल न दाबताच पेटला तर स्विचच्या अलीकडे. तसाच पेटता ठेवून वायरिंग थोडं थोडं हलवत जा. जिथे विझेल तिथे इन्सुलेशन खरचटलेलं असेल. टो हुक किंवा रिव्हर्स कॅमेऱ्यासाठी मारलेला जोड आधी बघा.

नवा बल्बही तपासा. तिथे दोन फिलामेंटचा लागतो, 21/5 वॅट. त्याच्या पितळी टोपीवरच्या दोन पिना वर-खाली असतात आणि बुडाला शिशाचे दोन ठिपके. एका ठिपक्याचा बल्ब दामटून बसवला तर तो टेल आणि ब्रेकच्या वायरी एकमेकींना जोडतो, मग ब्रेक दाबला की डॅशबोर्डचे दिवेही पेटतात.
— कसबा बावडेकर

भाच्याने व्हिडिओवर दाखवलं. होल्डरवर 2.3 व्होल्ट. बल्ब दोन ठिपक्यांचाच आहे. कॅमेऱ्याची वायर डिकीच्या कडेला दाबली गेलीय. आणि पेडलखाली मॅटवर प्लास्टिकचे पिवळट तुकडे पडलेत, ते कशाचे?
— राजारामपुरीकर

ते पेडलवरच्या बटणाचे. स्विचची पिन त्याच्यावर टेकते. ते पूर्ण फुटलं की पिन भोकातून आरपार जाते आणि पेडल सोडलं तरी ब्रेक लाईट चालूच राहतो. साडेतीन अँपिअर दहा तास, म्हणजे रात्रीत 35 अँपिअर-तासांची बॅटरी रिकामी. वर पाठीमागच्या गाडीला आपण ब्रेक लावलाय की नाही ते कळणारच नाही. आंबा घाटातल्या धुक्यात मागच्याला तेवढाच लाल दिवा दिसत असतो.

नवं बटण मिळेपर्यंत त्या भोकात छोटा बोल्ट, दोन्ही बाजूंनी चपटा वॉशर आणि नट कसा. मग स्विचचा लॉकनट सैल करून स्विच पुढे-मागे करा. पेडल मोकळं असताना दिवा विझलेला हवा, बोटाने पेडल थोडं दाबताच पेटायला हवा. लॉकनट कसल्यावर पुन्हा एकदा बघा, कसताना स्विच फिरतो.

कॅमेऱ्याची वायर सोडवून तिथे स्लीव्ह चढवा आणि 15 चा फ्यूज घाला. अर्थ घासून झाली की तोच मीटर पुन्हा लावायला सांगा आणि आकडा इथे कळवा.
— उद्यमनगरकर