रंग पकडणारी शीट: गेरचे कुर्ते, बागची चादर, महेश्वरी साडी – कशाला चालेल, कशाला नाही?

राजेंद्रनगर_इंदूर

मशीनमध्ये कपड्यांबरोबर टाकायची, सुटलेला रंग ओढून घेणारी शीट मिळते, ती घ्यायचा विचार आहे. मशीन फ्रंट लोड, सात किलोचं. पाणी नर्मदेचं आलं तर ते, नाहीतर बोरिंगचं. धुवायचे कपडे असे: रंगपंचमीच्या गेरमधून, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीतून, रंगून येणारे पांढरे सुती कुर्ते, बाग गावची छापलेली नवी लाल-काळी चादर, एक महेश्वरी साडी आणि रोजच्या जीन्स.

एका खेपेला किती शीट लागतात? जीन्स आणि पांढरे कपडे एकत्र टाकता येतील का? मीठ-तुरटीनं रंग पक्का होतो म्हणतात, तसं असेल तर शीट हवीच कशाला? शिवाय पाकिटावर ‘मळही पकडते’ असं लिहिलंय, ते कितपत खरं?

धागेदोरे

आधी शीट काय करते ते सांगतो, बाकीची उत्तरं त्यातूनच येतात. हा न विणलेला, बहुतेक व्हिस्कोसचा, कागदासारखा कपडा असतो. त्यावर धन भार असलेलं रसायन पक्कं बसवलेलं असतं. सुती कपड्यांचे रिअॅक्टिव्ह आणि डायरेक्ट रंग पाण्यात ऋण भाराचे असतात, म्हणून ते शीटकडे ओढले जातात. शीट कपड्यातून रंग सुटणं थांबवत नाही. सुटून पाण्यात आलेला रंग दुसऱ्या कपड्यावर बसायच्या आत पकडते, एवढंच तिचं काम.

यातूनच पहिली मोठी चूक कळते. धुणं संपल्यावर ओले कपडे तासभर ड्रममध्ये पडून राहिले तर लाल कपडा पांढऱ्याला चिकटतो आणि रंग थेट एका कापडातून दुसऱ्यात उतरतो. तिथे शीट काहीच करू शकत नाही. मशीन थांबलं की लगेच कपडे काढा.

शीट आधी, कपडे नंतर. ड्रम पाऊण भागापेक्षा जास्त भरू नका; शीट कपड्यांत दाबून बसली तर तिच्याभोवती पाणी फिरत नाही. फ्रंट लोडला ती दाराच्या रबरात अडकते, कधी पंपाच्या जाळीपर्यंत जाते, म्हणून जाळीच्या छोट्या पिशवीत घालून टाका. अर्ध्या ड्रमला एक, नवे गडद कपडे असतील तर दोन. पाणी थंड किंवा ३० अंशांचं. गरम पाण्यात रंग सुटतोही जास्त आणि शीट लवकर भरते. एकदा रंगलेली शीट दुसऱ्यांदा वापरू नका.

कंडिशनर त्याच धुण्यात नको. तोही धन भाराचा असतो आणि शीटनं पकडायचा रंग आधी आपल्याकडे ओढतो. पावडर भरमसाट टाकली तरी शीटची ताकद घटते, कारण पावडरीतले ऋण भाराचे रेणू तिच्यावरच्या जागा अडवतात. बोरिंगच्या जड पाण्यात मात्र थोडी पावडर वाढवावीच लागते.

मळाबद्दल: पाण्यात तरंगणारा बारीक कचरा थोडाफार लागतो तिला, पण त्या भरवशावर राहू नका. पांढरे कपडे करडे पडतात ते बहुधा जड पाणी, कमी पावडर आणि ठासून भरलेला ड्रम यांमुळे. निघालेला मळ पाण्यात तरंगत राहिला पाहिजे. पावडर कमी पडली की तो परत कपड्यावर बसतो. त्यात साबणाची वडी घासलेली असेल तर पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा चिकट साका होतो, तोही धाग्यात अडकतो. यावर उपाय म्हणजे कमी कपडे, पुरेशी पावडर आणि एक जादा खळबळणं.

जीन्स पांढऱ्यांबरोबर नकोतच. जीन्सचा निळीचा (इंडिगो) रंग पाण्यात विरघळत नाही, घासून कणाकणानं सुटतो, आणि शीट त्यातला थोडाच पकडते.

रंगरसायन

गेरच्या कुर्त्यांसाठी शीट विकत घेत असाल तर थांबा. गेरमध्ये जो रंग उधळतात तो एका प्रकारचा नसतो. साधा गुलाल म्हणजे स्टार्चच्या भुकटीवर चढवलेला रंग. भडक हिरवा, राणी, पिवळा यांत बऱ्याचदा ‘बेसिक डाय’ या वर्गातले रंग असतात. मॅलाकाइट ग्रीन, ऑरामिन ही त्यांचीच नावं. हे रंग स्वतःच धन भाराचे. शीटही धन भाराची. मग शीट त्यांना ओढणार कशी, उलट ढकलते. धुऊन शीट पांढरीशुभ्र निघाली म्हणजे रंग सुटलाच नाही असं समजू नका, तो पाण्याबरोबर गेला असेल नाहीतर शेजारच्या कपड्यावर बसला असेल.

सुती कापडावर हे रंग फारसे पक्के बसत नाहीत, रेशीम, लोकर आणि अॅक्रिलिकवर मात्र घट्ट बसतात. म्हणून गेरचे कपडे नेहमी वेगळे धुवा, आणि त्यात रेशमी ओढणी किंवा अॅक्रिलिकचा स्वेटर कधीच नको.

क्रम सांगते. कुर्ता कोरडा असतानाच गच्चीवर उलटसुलट झटका. ओला झाला की भुकटीची लापशी होऊन धाग्यात शिरते. मग वाहत्या थंड पाण्याखाली आतल्या बाजूनं धार सोडा, म्हणजे रंग आला तसा बाहेर जातो. पाणी जवळजवळ नितळ झालं की मगच पावडर.

पॉलिएस्टरचंही असंच. त्यातले डिस्पर्स रंग भाराचे नसतात, त्यामुळे शीट त्यांना नीट पकडत नाही. पाकिटावर हे लिहायला हवं खरं तर.

बाग_महेश्वर

मीठ-तुरटीचा सल्ला घराघरांतून दिला जातो, पण तयार कपड्याला त्याचा उपयोग नाही. मीठ घातलं की रंग पाण्यातून कापडाकडे ढकलला जातो, पाणी कमी रंगलेलं दिसतं आणि वाटतं की झालं काम. पुढच्या साध्या पाण्यात तोच रंग सुटतो. तुरटीची जागा रंगवण्याआधी: बागमध्ये (धार जिल्हा) लाल रंगासाठी तुरटीचा आणि काळ्यासाठी लोखंडाचा छाप आधी उठवतात, मग कापड अलिझारिन या रंगद्रव्याबरोबर आणि धावड्याच्या फुलांबरोबर उकळतात. छापलेल्या जागी तेव्हाच रंग बसतो. घरी नंतर तुरटी घालून काही होत नाही.

व्हिनेगर किंवा लिंबू तर बागच्या कपड्याला नकोच. आम्लानं तुरटीचा आणि रंगाचा जोड ढिला होतो, काळा तपकिरी पडू शकतो. नवी चादर पहिल्या दोन-तीन वेळा एकटीच, थंड पाण्यात, पाच-सात मिनिटं हलवून, भिजत न ठेवता. वाळत घालायची सावलीत, उलटी. त्यानंतर शीट टाकून तिच्यासारख्याच गडद कपड्यांबरोबर चालेल.

महेश्वरीत ताणा रेशमाचा, बाणा सुती, काठ जरीचा. ती मशीनमध्ये घालूच नका. बादलीत थंड पाणी, एक छोटा चमचा लोकर-रेशमाचं द्रव साबण, शीट तळाशी सोडा आणि साडी दोन-तीन मिनिटं खाली-वर करा. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा. काठाचा रंग सुटतो का ते आधी पाहा: पांढरा ओला रुमाल काठाच्या आतल्या बाजूवर अर्धा मिनिट दाबून धरा. रुमालाला रंग लागला तर साडी ड्रायक्लीनला द्या.

राजेंद्रनगर_इंदूर

तिघांचेही आभार. एकच राहिलं. नेहमीच्या धुण्यात लाल कपड्याचा रंग पांढऱ्या सुती कुर्त्याला लागलाच, तर मग?

रंगरसायन

ताई, वाळवू नका आणि इस्त्री तर अजिबात नको. ओला असतानाच परत धुवा, या वेळी शीट टाकून. ताजा डाग बराचसा यातच जातो. उरलाच तर सोडियम परकार्बोनेटची ऑक्सिजन ब्लीच पावडर: पाच लिटर ४०–५० अंशांच्या पाण्यात दोन मोठे चमचे, कुर्ता दोन तास बुडवून ठेवा, वर तरंगू देऊ नका.

तरीही डाग हटला नाही तर हायड्रो, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. एक लिटर ६० अंशांच्या पाण्याला एक छोटा चमचा, १५ मिनिटं, मग भरपूर पाण्यात खळबळणं. फक्त पांढऱ्या सुतीवर. जरीकाम, धातूची बटणं किंवा रंगीत भरतकाम असेल तर नाही. उग्र वास येतो म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि प्लास्टिकची बादली घ्या. क्लोरीनवालं ब्लीच किंवा आम्ल त्यात कधीही मिसळू नका. डबा घट्ट बंद आणि कोरडा हवा, कारण ओल लागली की ही भुकटी आपोआप तापते आणि पेटूही शकते.