चर्चा: नववीच्या पोरांकडून वर्गात पॉडकास्ट करून घ्यावा का?

खानापूरचा मास्तर
जुलैत आमच्या बेळगाव जिल्ह्यात जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस लागला की जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं सुट्टीचं पत्र मोबाईलवर फिरायला लागतं. पत्र खरं असतं, पण जुनं, तारीख तेवढी खोडलेली. पोरं खूश, पालक गोंधळात, आणि मी सकाळपासून फोन उचलत बसतो. ‘फॉरवर्डवर विश्वास ठेवू नका’ असं फळ्यावर लिहून काडीचाही फरक पडत नाही. म्हणून माझं म्हणणं, नववीच्या वर्गाकडून आठवड्याला पाच मिनिटांचा पॉडकास्ट करून घ्यावा. गावात फिरलेली एक बातमी घ्यायची, ती कुणाकुणाला विचारून तपासली ते सांगायचं. फोनवर रेकॉर्ड केलं तरी चालतं.

वर्गात केलेला एक प्रयोग सांगतो. हेडमास्तरांचं वाक्य रेकॉर्ड केलं: “उद्या सुट्टी आहे असं कुणी समजू नये.” ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात आवाजाची लाट पडद्यावर दिसते. एका मुलीनं ‘आहे’च्या पुढचं सगळं निवडलं आणि डिलीट दाबलं. झालं, हेडमास्तर स्वतःच्या आवाजात सुट्टी देऊन मोकळे! वर्ग हसला. मग तेच परत परत ऐकवलं. नीट कान दिला तर ‘आहे’वर आवाज खाली उतरत नाही, मध्येच लटकतो. हे मी सांगितलं नाही, मागच्या बाकावरच्यानं पकडलं. आणि लगेच प्रश्न, “टीव्हीवर पुढाऱ्यांचं भाषण दाखवतेत ते पण असंच कापलेलं असतंय काय सर?”

आणखी एक. आपली पोरं मराठी वाचतात, कन्नडही वाचतात. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादातून बेळगावजवळ हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगडफेक झाली. त्या दिवसांतले मराठी आणि कन्नड पेपर शेजारी ठेवून वाचायला लावा. कुणाचं म्हणणं छापलं, कुणाला विचारलंच नाही, हे पोरांनाच शोधू दे. पुण्यातल्या पोराला हे जमायचं नाही, त्याला दुसरी बाजू वाचताच येत नाही.

वडगावकर
सर, हौस चांगली आहे. पण मराठी शाळांची अवस्था तुम्हाला मी सांगायला नको. एकेका मास्तरावर दोन-दोन विषय, पुढच्या वर्षी एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावीची बोर्डाची परीक्षा, त्यात कन्नडमध्ये निम्मी पोरं अडखळतात. केरळात कण्णूर जिल्ह्यात २०१८ मध्ये दीडशेच्या आसपास सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखायला शिकवलं. ते साध्या तासांवरच झालं, पॉडकास्ट लागला नाही. आणि तुमच्या प्रयोगातून ती मुलगी नेमकं काय शिकली? कापायला! उद्या ती दुसऱ्या कुणाचं वाक्य कापणार नाही कशावरून?

निपाणीची आई
माझी हरकत वेगळी आहे. माझी लेक चौदा वर्षांची. तिनं सीमाप्रश्नावर दोन वाक्यं बोलली आणि ती क्लिप कुणीतरी पुढं ढकलली, तर दारात येणाऱ्या माणसांना काय सांगू? तुम्ही पोलिसात येणार आहात का माझ्याबरोबर? २०२३ च्या डेटा कायद्यात अठराच्या आतल्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती घ्यायचं तत्त्व आहे. शाळेत संमती म्हणजे काय तर गृहपाठाच्या वहीत एक ओळ आणि आमची सही. आणि विषयच हवेत तर दगडफेक कशाला? पाण्याच्या टाकीवर करा की.

भालकीकर
ताई, काळजी पटते. पण आमच्या बीदर जिल्ह्यात मुर्कीला जुलै २०१८ मध्ये काय झालं ते आठवा. हैदराबादहून आलेल्यांनी पोरांना चॉकलेटं दिली, मुलं पळवणारे आले म्हणून मेसेज गाडीच्या पुढं पळाला, आणि पुढच्या गावात, म्हणजे मुर्कीत, जमावानं त्यांच्यातल्या एका इंजिनिअरला ठार मारलं. मेसेज पाठवणारे अडाणी नव्हते, त्यांना वाचता येत होतं. पाठवण्याआधी एक फोन करून विचारायची सवय नव्हती. पॉडकास्टसाठी पोरगं पंचायतीत, दवाखान्यात जाऊन विचारणार असेल, तर मला तो तास इतिहासाच्या तासातून काढला तरी चालेल.

वडगावकर
विचारायला जाऊ दे की, कोण नको म्हणतंय? वहीत लिहून आणू दे. आवाजाचाच हट्ट का? उलट आवाजावर माणूस चटकन भरवसा ठेवतो. आता तर यंत्रानं कुणाचाही आवाज काढता येतो.

खानापूरचा मास्तर
त्याचसाठी आवाज! आजीच्या फोनवर येतं ते व्हॉइस नोटच असतं, निबंध येत नाही. आणि वहीत पोरं एकमेकांचं उतरवून काढतात. माईकपुढं “तुला कुणी सांगितलं?” असं शेजारचीनं विचारलं की उतरवलेलं तिथंच उघडं पडतं. कापायला शिकलेली मुलगी म्हणाल, तर कापलेलं सगळ्यात आधी तीच ओळखते.

ताईंचा मुद्दा मात्र मान्य. नेटवर काही टाकायचं नाही. मुलांची नावं नाहीत, फाईल शाळेच्या कॉम्प्युटरवर, शनिवारी परिपाठाला स्पीकरवर ऐकवायची. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, सामुदायिक रेडिओलाही नाही. पण आम्ही प्रसारण करतच नाही, चार भिंतींच्या आत आहोत.

निपाणीची आई
स्पीकरवर वाजलेलं अंगणातल्या कुणाच्याही मोबाईलमध्ये उतरतं सर. आणि चार भिंतींतच ठेवायचं असेल तर त्याला पॉडकास्ट तरी कशाला म्हणता, वर्गातलं नाटुकलं म्हणा. पाण्याच्या टाकीचा भाग आधी करा, तो मला ऐकवा. मग सहीचं बघू.