कर्सिव्ह (इंग्रजी जोडून) लिहिताना जोड बिघडतात, बोटं दुखतात. सोडून द्यावं का?

गमभन:
मुलगी दुसरीत, इंग्रजी माध्यम. चार रेघी वहीत सुटं अक्षर छान येतं, पण शब्द लिहिताना 'बी'नंतरचा 'आर' ओळखूच येत नाही. अर्ध्या पानात बोटं दुखायला लागतात. पुढे सगळं कीबोर्डवरच करायचंय, मग हा खटाटोप कशाला?

बोरूटाक:
सोडू नका. दहावीचा भाषेचा 80 गुणांचा पेपर आजही तीन तास हातानेच लिहायचा असतो. अडलंय ते जोडात. बहुतेक अक्षरं वरून तिसऱ्या रेघेवर संपतात. बी, ओ, व्ही, डब्ल्यू ही चार मात्र दुसऱ्या रेघेपाशी. तिथून पुढच्या अक्षराकडे आडवंच जायचं, किंचित झोळ देऊन. मुलं सवयीने खाली उतरतात, मग 'ओ'चा 'ए' होतो आणि 'आर'चा खांदा हरवतो. पानंच्या पानं सुटी अक्षरं गिरवून हे सुधारत नाही. 'ओआर', 'बीआर', 'व्हीई', 'डब्ल्यूएस' अशा जोड्या पाच-पाच वेळा लिहून घ्या, रोज दहा मिनिटं, बस. 'आय'चं टिंब नि 'टी'ची आडवी रेघ शब्द संपल्यावर.

दुरेघी:
आधी पकड बघा. अंगठा-तर्जनीची चिमूट, खाली मधल्या बोटाचा टेकू, पेन्सिलीच्या टोकापासून दोन-अडीच सेंमी वर. तर्जनीचं पेर आत वाकून नख पांढरं पडत असेल तर दाब जास्त आहे. पानाच्या मागून हात फिरवा, उठाव लागला तर नेहमीच्या एचबीऐवजी मऊ शिशाची 2बी पेन्सिल द्या. हलक्या हातानेही गडद उमटते. वहीची वरची कड डावीकडे 20-30 अंश कलवा, डावखुऱ्या मुलांसाठी उजवीकडे.

मोडीवाचक:
जोडायची ही सवय मराठीच्या वहीत मात्र नको. बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, शब्द बांधते ती शिरोरेघ. अक्षरागणिक तुकडा न मारता शब्द झाल्यावर एकदम ओढायची, 'भ', 'ध', 'थ' अशा अक्षरांवर तोडायची, नाहीतर 'म', 'घ', 'य' वाचले जातात. मोडी या जुन्या मराठी लिपीत उलट होतं: रेघ आधी आखून घेत आणि हात न उचलता अक्षरं तिच्याखाली लिहीत. आपली स्वतःची कर्सिव्ह तीच!

गमभन:
उठाव चांगलाच लागतोय, 2बी आणते. चार रेघी किती दिवस ठेवू?

बोरूटाक:
वरचे चारही जोड न बघता येईपर्यंत. मग एकेरी. 'जी', 'वाय'ची शेपटी खालच्या ओळीत घुसू लागली तर आठवडाभर परत चार रेघी.