साइड पॅनलचा तडा आणि तुटलेला कान कसा जोडावा?

प्रश्न

माझ्या मोटरसायकलच्या साइड पॅनलला स्क्रूच्या भोकापासून सुरू झालेला बोटभर लांबीचा तडा गेला आहे, आणि टाकीखालच्या रबरात बसणारा आतला कान मुळापासून तुटला आहे. तुटलेला तुकडा मी जपून ठेवला आहे. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडलेला कान गाडी थोडी चालताच सुटतो. पॅनलच्या मागे ‘एबीएस’ अशी प्लॅस्टिकच्या प्रकाराची खूण आहे. पुढच्या मडगार्डलाही कडेला एक लहान तडा आहे, मात्र त्यावर ‘पीपी’ (पॉलिप्रॉपिलीन) असे लिहिलेले आहे. दोन्ही भाग एकाच पद्धतीने जोडता येतील का?

पहिले उत्तर

येणार नाहीत, आणि म्हणूनच ती खूण आधी पाहिलीत हे उत्तम केलेत. एबीएस ॲसिटोन या द्रावकात विरघळते, पीपी विरघळत नाही. दुरुस्तीची पद्धत याच फरकावर ठरते. झटपट गोंदाचा सांधा ओढीला बरा असला तरी ठिसूळ असतो, त्यामुळे इंजिनाच्या सततच्या थरथरीत आणि कान वाकतो त्या दिशेच्या ताणात तो उकलतो.

पॅनलसाठी एबीएसचेच बारीक तुकडे झाकण असलेल्या काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये रात्रभर भिजत ठेवावेत आणि मधासारखी दाट लापशी तयार करावी. (पातळ, पारदर्शक पॉलिस्टायरिनचा पेला वापरू नये, तो स्वतःच विरघळतो.) तडा जिथे संपतो तिथे दोन ते तीन मिलिमीटरचे भोक पाडावे. तड्याच्या टोकाशी एकवटलेला ताण त्या गोलाईवर विभागला जातो आणि तडा पुढे सरकत नाही. हे भोक न पाडता केलेली दुरुस्ती कितीही सुबक दिसली तरी तिच्यापुढे नवी रेघ उमटण्याची भीती राहते. त्यानंतर आतल्या बाजूने तड्यावर इंग्रजी व्ही आकाराची खाच करून ८० नंबरच्या पॉलिशपेपरने दोन्ही बाजूंची सुमारे दोन सेंटिमीटर जागा खरखरीत करावी, धूळ पुसावी आणि लापशी पातळ थरांत भरावी. एकदम जाड थर दिल्यास वरची साय आधी सुकते, आत अडकलेल्या ॲसिटोनमुळे बुडबुडे येतात आणि सांधा बराच काळ मऊ राहतो. शेवटच्या थरानंतर किमान २४ तास, शक्य असल्यास त्याहून जास्त थांबावे.

कानाच्या बाबतीत नुसता सांधा पुरणार नाही, कारण त्याच्या मुळाशी जागा थोडी आणि जोर मोठा असतो. तुकडा जागेवर बसवल्यावर बुडाभोवती फायबरग्लास कापडाच्या पट्ट्या लापशीत भिजवून चढवाव्यात, पण कान ज्या रबरात शिरतो तो भाग जाड होऊ देऊ नये. ॲसिटोन रंगही विरघळवते, म्हणून बाहेरून टेप लावावी. त्याची वाफ सहज पेट घेते. काम मोकळ्या हवेत आणि ठिणगी-ज्योतीपासून दूर करावे.

दुसरे उत्तर

मडगार्डविषयी लिहितो. पीपीवर साधे एपॉक्सीही (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) नीट धरत नाही, ते नखाने सालीसारखे निघते. त्यासाठी उष्णतेने वितळवून जोडणे हाच भरवशाचा मार्ग आहे, आणि भरण्याची कांडी पीपीचीच हवी, कारण एबीएस आणि पीपी वितळले तरी एकमेकांत मिसळत नाहीत. पीपी साधारण १६० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते. सोल्डरिंग आयर्नने तड्याच्या कडा आणि कांडी एकाच वेळी मऊ होतील असे पाहावे. धूर निघू लागला की उष्णता जास्त झाली असे समजून थांबावे. आतून स्टीलची बारीक जाळी तापवून प्लॅस्टिकमध्ये पूर्ण बुडेपर्यंत दाबल्यास सांध्याला चांगला आधार मिळतो. मात्र तडा मडगार्डच्या बोल्टच्या जागेपर्यंत पोहोचला असेल तर नवे मडगार्डच घ्यावे. धावत्या चाकावर सुटून अडकू शकणाऱ्या भागावर प्रयोग करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्नकर्ता

दोघांचाही आभारी आहे. मडगार्डचा तडा बोल्टपासून लांब आहे. पॅनल मात्र स्क्रूच्या भोकापाशीच का तडकले असावे?

तिसरे उत्तर

बहुधा त्या भोकातली धातूची नळी किंवा रबरी वॉशर हरवली असावी. स्क्रूचा दाब त्या नळीवर यावा आणि प्लॅस्टिक रबरात किंचित हलते राहावे, अशी ती रचना असते. नळी नसली की घट्ट पिळलेला स्क्रू थेट पॅनल चिरडतो. टाकीखालचे रबरही दाबून पाहा. ते कडक झाले असेल तर पॅनल काढताना लागणारा सगळा जोर कानावर येतो, त्यामुळे नवे रबर बसवून त्याला किंचित साबणाचे पाणी लावावे आणि पॅनल तिरके न ओढता कानाच्या सरळ रेषेत बाहेर घ्यावे. स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांवर लावतात तो लॉकिंग द्रव येथे अजिबात वापरू नये, कारण त्याच्या स्पर्शाने ताणाखालच्या एबीएसला तडे जातात. पेट्रोल सांडल्यासही लगेच पुसावे. आधी ही नळी आणि रबर मिळवा, मग जोडकाम हाती घ्या. कान सुकत असताना पॅनल गाडीवर तात्पुरते बसवून त्याची जागा जुळते की नाही हे तपासता येईल.